मग आठवीत ती काय करेल?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी ताईकडे मुलुंडला गेलो होतो, बाहेर धो धो पाऊस, जेवणं उरकलेली, भाओजी आत आडवे झालेले, आणि मनवा, म्हणजे माझी भाची, सहावीत आहे, ती डायनिंग टेबलवर गणिताचा होमवर्क करत बसलेली. मी समोर बडीशेप चघळत उगाच तिच्या वहीत बघत होतो. आधी काही लक्षात आलं नाही, मग दिसलं की पानाच्या उजव्या कडेला सगळी उत्तरं आधीच लिहून ठेवलीयेत, पेन्सिलीने, बारीक अक्षरात, आणि आता ती एकेका उत्तरापर्यंत पोचायच्या स्टेप्स भरतीये. लसावि काढा, छेद सारखे करा, बेरीज करा. अतिशय हळू. आणि जिथे शून्य येईल तिथे त्याला पाकळ्या काढतीये. दहाच्या शून्याचं फूल, शंभरच्या दोन शून्यांची दोन फुलं, मध्ये देठ. मी म्हटलं हे काय गं, ड्रॉइंगचा तास आहे का? तर वर न बघता म्हणाली, "वेळ जातो ना मामा." म्हणजे काय? "वर्गात लवकर झालं की बाई म्हणतात वही मिट आणि हाताची घडी घालून बस. म्हणून मी फुलं काढते. आता सवय झालीये." तक्रार अजिबात नव्हती तिच्या आवाजात. मी विचारलं म्हणून माहिती देत होती.

परत येताना गाडी कुर्ल्याच्या अलीकडे बराच वेळ उभी होती, ट्रॅकवर पाणी, डब्यात ओल्या छत्र्यांचा वास, आणि माझ्या डोक्यात तेच. अकरा-बारा वर्षांच्या पोरीने वेळ घालवायची पद्धत शोधून काढलीये आणि ती त्यात तरबेजही झालीये.

आता बाईंना नावं ठेवणं फार सोपं आहे. पण मी त्यांना ओळखतो, दोन-तीनदा भेटलोय, वर्गात साठच्या आसपास पोरं, त्यातल्या निम्म्यांना अजून अपूर्णांकाची वजाबाकी धड येत नाही, वर मतदार याद्यांचं काम आलं की ह्यांनाच दारोदार पाठवतात. अशा वर्गात जिचं आधी होतं तिला गप्प बसवणं हाच एक उपाय हाताशी असतो. तिला गप्प बसवलं की तेवढा वेळ दुसऱ्या कुणाकडे तरी बघता येतं. मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं बहुतेक.

घरात विषय काढला आणि मग काय, प्रत्येकाचं वेगळंच. आईचं म्हणणं, लहान आहे पोर, खेळू दे, गणित कुठे पळून चाललंय. भाओजींनी कपाटातून एक ब्रोशर काढलं, ठाण्यातल्या कुठल्याशा क्लासचं, गुळगुळीत कागद, कव्हरवर चष्मेवाली पोरं आणि त्यांच्या फोटोखाली रँक. सहावीपासून फाउंडेशन, आठवड्यातून दोन संध्याकाळी क्लास, रविवारी टेस्ट, फी म्हणजे ताईच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. सोनेरी अक्षरात 'ऍडव्हान्स्ड मॅथ्स'. मी आतलं पान उघडून सिलॅबस वाचला तर सहावीत आठवीचं, सातवीत नववीचं, आठवीत दहावीचं, बस, एवढंच. म्हणजे बालभारतीचीच गाडी, फक्त दोन स्टेशनं पुढून पकडायची. आणि ताई ह्या दोघांच्या मध्ये. एका वाक्यात "तिचं बालपण जाईल रे" आणि दुसऱ्या वाक्यात "पण मागे पडली तर?" मग माझ्याकडे वळून, "तू सांग, तुझं गणित चांगलं होतं ना."

होतं.

दहावीला १५० पैकी १४७. आमच्या चाळीत पेढे वाटले होते. त्या आधी चौथीची स्कॉलरशिप, सातवीची स्कॉलरशिप (नंतर काही वर्षं ती पाचवी-आठवीला होती), सगळं न थांबता. गणितात अडणं म्हणजे काय ते दहावीपर्यंत मला माहितीच नव्हतं हो, खरंच सांगतो, उदाहरण वाचायचं आणि हात आपोआप चालायला लागायचा. मग अकरावीला सायन्स. पहिल्या टर्मलाच ट्रिग्नॉमेट्री आणि लिमिट्स, शिकवणं सगळं इंग्लिशमधून, आणि एक दिवस एक गणित आलंच नाही. नंतर दुसरं आलं नाही. आता विचार केला तर त्यात विशेष काही नव्हतं, कुणालाही येतं असं नाही पहिल्या फटक्यात, पण मला वाटलं माझं डोकं बिघडलं. शब्दशः तसं वाटलं. शेजारी बसणारा कल्याणचा एक मुलगा होता, दहावीला माझ्यापेक्षा कितीतरी कमी मार्क, तो एका गणितावर दोन दोन तास बसायचा, पानंच्या पानं फाडायचा, शिव्या द्यायचा आणि चहा पिऊन परत बसायचा. त्याला ती सवय होती. मला नव्हती. मी बारावीनंतर कॉमर्सला गेलो, आज फोर्टात लोकांचे जीएसटी रिटर्न भरतो, बरं चाललंय, त्याचं दुःख वगैरे नाही. पण मनवाच्या वहीतली ती फुलं बघितल्यावर तो कल्याणचा मुलगाच आठवला एकदम.

आजोबांच्या काळात हे असले प्रश्न नव्हते म्हणे. हुशार पोरगा दिसला की हेडमास्तर त्याला उचलून सरळ वरच्या वर्गात बसवायचे, डबल प्रमोशन. आमचे आजोबा असे एकदा उडी मारून गेलेले, मॅट्रिकला वर्गातल्या अर्ध्या मुलांना मिशा होत्या आणि हे हाफ पॅन्टीत. त्यांना त्याचा अभिमान होता, पण आजी सांगायची की शाळेतला एकही मित्र त्यांना कधी घरी भेटायला आला नाही. आता तर सगळं वयावर. पहिलीलाच सहा वर्षं पूर्ण लागतात, पुढे ज्या वयाचे त्या वर्गात. ते एका अर्थी बरंच आहे. आख्खं मूल वर ढकलायचं की आख्खं खाली ठेवायचं, एवढेच दोन पर्याय असतील तर मीही खालीच ठेवेन. गणित पुढे असतं म्हणून बाकीचं पोर पुढे असतं असं थोडीच आहे, मनवा अजून विजा कडाडल्या की आईच्या कुशीत शिरते.

माझा मावसभाऊ सॅन फ्रान्सिस्कोला असतो, त्याला फोन केला, म्हटलं तुमच्याकडे काय करतात. तर तो सुरूच झाला. तिथे २०१४ मध्ये शाळा खात्याने ठरवलं की आठवीत कुणालाच अल्जेब्रा द्यायचा नाही, सगळ्यांनी नववीतच घ्यायचा. कारण चांगलं होतं, आठवीत जे अल्जेब्राच्या वर्गात जायचे ते बहुतेक सुस्थितीतल्या घरांतले, आणि काळी आणि लॅटिनो पोरं तिथेच मागे पडायची, तर निदान नववीपर्यंत तरी सगळे एकत्र राहू देत. पण ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी काय केलं, बाहेर फी भरून कोर्स लावले. शेवटी मार्च २०२४ मध्ये ह्या प्रश्नावर चक्क मतदान घेतलं, आणि लोकांनी मोठ्या बहुमताने सांगितलं की आठवीत अल्जेब्रा परत आणा. मी ऐकत होतो आणि मला एकीकडे हसू येत होतं, कारण आपल्याकडे सहावीत समीकरणं, सातवीत वर्गविस्तार, आठवीत अवयव, आणि हे सगळ्यांना, येवो न येवो, ढीगभर पोरं ते न समजताच पाठ करतात. तिकडे ज्यासाठी मतदान झालं ते इकडे कम्पल्सरी. तरी प्रश्न तोच शिल्लक. वर्ग कुठल्याही वेगाने चालवा, एखादं पोर फुलं काढत बसणारच, आणि त्याचं काय करायचं हे शाळेने ठरवलं नाही तर पैसे ठरवणार.

रात्री बसून मग वाचायला लागलो. माझं काय, एकदा डोक्यात काही शिरलं की झोप नाही. ज्युलियन स्टॅन्ली नावाचे एक मानसशास्त्राचे प्रोफेसर होते, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, त्यांनी १९७१ मध्ये एक साधी पण डोकेबाज गोष्ट सुरू केली. बारा-तेरा वर्षांच्या हुशार मुलांना त्यांच्या इयत्तेचा पेपर न देता सतरा-अठरा वर्षांच्यांची कॉलेज प्रवेशाची परीक्षा, एसएटी, द्यायला लावली. कारण सहावीच्या पेपरात शंभरपैकी शंभर पडले तर पोर नक्की किती पुढे आहे हे कळतच नाही. फूटपट्टीने दाराची उंची मोजायला गेलं तर उत्तर फूटभरच येणार. मोठ्यांच्या पेपरात ती पोरं एकदम वेगवेगळी दिसायला लागली, कुणी थोडं पुढे, कुणी फारच पुढे. मग ज्याला जे झेपेल ते त्याला शिकवायचं. ह्या मुलांचा माग ते लोक अजून ठेवतायत. गणितात पुढे नेलेल्यांचं मानसिक नुकसान होतं, एकटी पडतात, करपतात, असं जे आपल्याला वाटतं, त्याचं २०२१ मध्ये आलेलं ३५ वर्षांच्या पाठपुराव्याचं उत्तर असं, की पन्नाशीला आलेल्या त्या माणसांमध्ये तसं काही दिसलं नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, अमेरिकेतली पोरं ती.

टेरेन्स टाओ, आजचा फार मोठा गणिती, त्याचं सगळ्यांना माहिती असतं, आठव्या वर्षी त्याच एसएटीच्या गणितात ८०० पैकी ७६०, १९८६ ला आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचं ब्राँझ, ८७ ला सिल्व्हर, ८८ ला गोल्ड. भाओजींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्याला एकदा येतोच तो. मला मात्र त्याच्या आई-बापांचं जास्त वाटलं. साडेतीन वर्षांचा असताना त्यांनी त्याला शाळेत घातला होता, आणि काही आठवड्यांत परत काढून घरी आणला, कारण गणित येत असलं तरी दिवसभर वर्गात बसणं त्याला जमेना. पाचव्या वर्षी पुन्हा घातला. पुढे गणिताला एका वर्गात, बाकी विषयांना दुसऱ्या वर्गात, असा तो शाळेत फिरायचा. म्हणजे जगातल्या सगळ्यात पुढच्या पोराच्या आई-बापांनीसुद्धा सुरू करून, थांबून, मागे येऊन, परत सुरू केलं. त्यांना शाळाही तशी मिळाली म्हणा. आपल्याकडे एका पोरीसाठी टाइमटेबल हलवायचं म्हटलं तर आधी अर्ज द्या.

पुढच्या रविवारी मी मनवाला कापरेकर दिले.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे, आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर. आकड्यांशी खेळत बसायचे, आपल्याकडे फार कुणी विचारलं नाही, १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर नावाच्या, गणिताच्या कोड्यांवर लिहिणाऱ्या लेखकाने मासिकात लिहिलं तेव्हा जगाला कळले. मी तिला म्हटलं तुझं जन्मसाल लिही. २०१३. अंक उतरत्या क्रमाने मांड, ३२१०, चढत्या क्रमाने मांड, ०१२३, वजा कर. ३०८७. परत तेच. ८७३० वजा ०३७८, ८३५२. परत. ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता ६१७४ घेऊन बघ. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! डोळे असे मोठे झाले तिचे. मग तिने आईचं साल केलं, गाडीचा नंबर केला, सगळे जाऊन ६१७४ वरच. ११११ सारखे चारही अंक तेच असतील तर शून्य येतं, ते तिचं तिनेच शोधलं. तीन अंकी घेतले तर ४९५ वर थांबतं, तेही दहा मिनिटांत. हे होईपर्यंत ताई कौतुकाने बघत होती, भाओजींनी व्हिडिओ काढला. आणि मग मनवा म्हणाली आता पाच अंकी, आणि १२३४५ लिहिलं.

पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, थांबेचना. ४१९७६ आलं, ८२९६२ आलं, ७५९३३, ६३९५४, ६१९७४, आणि पुढे चालूच. मला माहिती होतं काय होणार आहे, मी बोललो नाही. ती खोडत होती, परत वजाबाकी तपासत होती, हाताला सगळा खोडरबरचा चुरा. मग कान लाल झाले. मग पेन्सिल टेबलावर आपटली आणि म्हणाली, "हे चुकीचं आहे, तुझ्या कापरेकरांचं चुकलंय," आणि रडायला लागली. चांगली हुंदके देऊन. ताईने लगेच तिला जवळ घेतलं आणि माझ्याकडे बघून, "बघ, म्हणत होते ना मी, लहान आहे अजून." भाओजी म्हणाले क्लासमध्ये असं नसतं, तिथे मेथड शिकवतात.

मला मात्र वाईट वाटलं नाही, आणि हे लिहिताना थोडं निर्दयी वाटतंय. माझ्या डोक्यात होतं की ही आत्ता रडतीये हे किती बरं. मला हे सोळाव्या वर्षी झालं, शंभर अनोळखी पोरांच्या हॉलमध्ये, आणि शेजारी जवळचं कुणी नव्हतं. ही घरात बसून रडतीये, समोर गरम पोहे आहेत, परीक्षा नाही, मार्क नाहीत. पुढचं गणित कधी सुरू करायचं ह्याचं वय वगैरे मला सांगता येणार नाही, पण ज्या दिवशी पोराला कुठेच अडायला होत नाही त्या दिवसानंतर फार थांबू नये असं मला वाटतं, आणि मनवाच्या बाबतीत तो दिवस कदाचित दुसरी-तिसरीतच होऊन गेला. थांबलो की ती आहे तशी राहते असं आपण धरून चालतो. तशी ती राहत नाहीये, ती रोज फुलं काढायला शिकतीये.

दोन दिवसांनी तिचा व्हॉइस मेसेज आला. "मामा, ते ८२९६२ परत येतं. चार नंबर गोल गोल फिरतात. मी अजून दोन नंबर घेऊन बघितले, तर एक वेगळंच फिरतंय. मग आता उत्तर काय लिहायचं?" मी ट्रेनमध्ये होतो, घाटकोपरची गर्दी, दोनदा ऐकला. उत्तर काय लिहायचं, हा प्रश्न शाळेतल्या कुठल्या धड्याने तिला कधी पाडला असता का? (डोंबिवली स्टेशनला पूर्वी डेम्लो म्हणायचे आणि १, १२१, १२३२१ अशा संख्यांच्या कुळाला कापरेकरांनी त्या स्टेशनचं नाव दिलंय, कारण कल्पना तिथेच सुचली, हे मी तिला कळवलं. तिला त्याचंच जास्त कौतुक वाटलं, डोंबिवलीला तिची दुसरी आजी राहते.)

मग ताई आणि मी शाळेत गेलो. बाईंनी नीट ऐकून घेतलं, फुलांचं सांगितलं तेव्हा थोड्या खजील झाल्या, हसल्याही. म्हणाल्या, "मी तिला आठवीचं पुस्तक देऊ शकते हो, आजच देते. वर्गात मागे बसून सोडवेल. पण मग आठवीत ती काय करेल?" ह्यावर आम्हा दोघांकडे उत्तर नव्हतं. क्लासच्या ब्रोशरमध्येही ह्याचं उत्तर नाही, तिथे आठवीत दहावीचं आहे आणि दहावीत जेईईचं, म्हणजे रिकामपण फक्त पुढे पुढे ढकलायचं आणि शेवटी एका परीक्षेत भरून टाकायचं. सुरू कधी करायचं हे कुणीही ठरवेल. सुरू केल्यावर सातवीत, आठवीत, नववीत तिच्यासोबत कोण बसणार, हे ठरत नाही. मी बसेन म्हटलं तरी माझं गणित किती वर्षं पुरणार, मी अकरावीत थांबलेला माणूस.

बाईंनीच मग गणित ऑलिंपियाडचं सुचवलं. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ते सांभाळतं, पहिली पायरी आयओक्यूएम नावाची परीक्षा, ती आठवीपासून देता येते, तीन तासांत ३० प्रश्न, आणि पुढच्या, विभागीय पायरीच्या आरएमओला तीन तासांत फक्त ६. सहा प्रश्नांना तीन तास! आणि त्यात कॅल्क्युलस लागतच नाही, आकडे, भूमिती, मोजणी, समीकरणं, म्हणजे पुढच्या इयत्तेचं पुस्तक न उघडता आहे त्याच गोष्टीत खोल जायचं. मुलींसाठी युरोपात वेगळं ऑलिंपियाड असतं, तिथे भारत २०१५ पासून जातो, हेही बाईंना माहिती होतं. १९९६ ला आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईतच झालं होतं, मी तेव्हा आठवीत, परळला, आणि आमच्या आख्ख्या शाळेत कुणाला त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे माहिती असणारी एक बाई भेटणं हेही नशीबच. मेडल वगैरेचं माझ्या डोक्यात नाही, पण सहा प्रश्नांवर तीन तास बसायची सवय मला फार आवडली.

तोवर काय, तर बाईंनी आणखी एक वाट काढली, आठवीच्या भूमितीच्या तासाला आठवड्यातून दोनदा मनवाने मागच्या बाकावर बसायचं, हेडबाईंना त्या सांगतील. आम्ही खूश. घरी येऊन मनवाला सांगितलं, तर तिने टाइमटेबल आणून दाखवलं, त्यातला एक तास तिच्या पीटीवर येतोय. "मी पीटी सोडणार नाही. खो-खोची मॅच आहे." संपलं. आम्ही मोठ्यांनी महिनाभर डोकेफोड करून काढलेला तोडगा एका वाक्यात निम्म्यावर आला. दुसरा तास मराठीवर येतो, तो द्यायला ती तयार आहे, पण त्याला आईची, म्हणजे तिच्या आजीची, सक्त हरकत आहे.

सध्या रविवारी मी जातो. पाच अंकी संख्यांचे एकूण किती गोल आहेत ते ती शोधतीये, वहीची पाठची पानं भरलीयेत, रडणं एकदा परत झालं, पेन्सिल आपटणं पुष्कळदा. ताईची धाकधूक काही गेलेली नाही. आणि भाओजींनी मधल्यामध्ये त्या ठाण्याच्या क्लासच्या स्कॉलरशिप टेस्टचा फॉर्म भरून टाकलाय, म्हणाले टेस्ट द्यायला काय जातं, फी माफ झाली तर बघू. पुढच्या रविवारी सकाळी नऊला आहे, आणि तिला घेऊन जायचं काम माझ्याकडे आलंय.